सायकलवर पाय बधिर पडतो? पैसे काढण्याआधी बुटाची नाडी सैल करा

लातूर–औसा रस्त्यावर सकाळी नव्याने सायकल चालवायला लागलेल्या माणसाला टपरीवर गाठा आणि विचारा, कसं चाललंय. दम लागतो, सीट टोचते, हे सांगून होतं आणि मग हमखास निघतं: "पायात जीवच राहीना बगा. आदी मुंग्या यायल्यात, मग बोटं हायेत का नाहीत तेच कळंना." त्यावर शेजारचा सांगतो, क्लीटवाले (तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) बूट घे. दुसरा म्हणतो, सीटच बदलून टाक. तिसऱ्याच्या मते बी-१२ ची इंजेक्शनं घ्यायला हवीत. तिघंही कधी ना कधी बरोबर ठरतात, पण सल्ले ज्या क्रमाने कानावर येतात त्याच क्रमाने गेलात तर पैसे जातात आणि पाय तसाच बधिर राहतो.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. रोज किंवा रविवारी वीस ते साठ किलोमीटर चालवणारे, साधी, हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) सायकल असणारे, नवरात्रात तुळजापूरला सायकलवर जायचा बेत करणारे, यांच्यासाठी. फुकट आणि सोपं असेल ते आधी करायचं. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो तपासायला दरवेळी तोच रस्ता, तेवढंच अंतर धरायचं. बूट, सीट, पेडल एकाच दिवशी हलवलंत तर फरक पडला तरी कशामुळे पडला ते कळणार नाही.

आत काय होतं

तळपायाच्या पुढच्या भागात, म्हणजे चवड्यात, पाच लांब हाडांची टोकं ओळीने येतात. त्यांच्या मधल्या फटींतून बारीक नसा बोटांकडे जातात. चालताना भार टाचेवरून चवड्यावर आणि तिथून बोटांवर सरकतो, आणि पाऊल उचललं की पाय पूर्ण मोकळा होतो. सायकलवर टाच रिकामीच असते. सगळा जोर पेडलच्या दांड्यावर टेकलेल्या त्याच दोन-तीन इंचांतून जातो. मिनिटाला ७० फेरे धरले तर तासाभरात एका पायाचे ४,२०० दाब होतात, सगळे एकाच जागी. त्यात बूट बाजूंनी आवळलेला असला की हाडं एकमेकांकडे सरकतात आणि नस मध्ये सापडते. रक्त थांबलं, असं आपण म्हणून टाकतो, पण बहुतेक वेळा रक्त चालू असतं आणि नस दबलेली असते. म्हणूनच बूट काढून बोटं हलवली की थोड्या वेळात पाय जागा होतो.

पायरी १: नेमकी जागा शोधा

"पाय बधिर पडतो" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. पुढच्या वेळी मुंग्या आल्या की रस्त्याच्या कडेला थांबा, बूट-मोजा काढा आणि बोट फिरवून बघा: स्पर्श कुठे कमी लागतो? फोनमध्ये तिथेच लिहून ठेवा. एक पाय की दोन्ही, कितव्या किलोमीटरला सुरू झालं, चढावर की सपाटीवर. घरी येईपर्यंत पाय पूर्ववत होतो आणि जागा नीट आठवत नाही.

खालच्या बाजूला चवड्याची आग होऊन मग बोटं बधिर होत असतील, तर संशय बूट आणि पेडलवर. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधेच होत असेल आणि मोज्यात खडा अडकल्यासारखं वाटत असेल, तर त्या फटीतली नस वारंवार दबून जाड झालेली असू शकते. तिला मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात. अमेरिकन सर्जन थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, आणि आज पहिला सल्ला हाच असतो: पुढून रुंद बूट.

पायाची वरची बाजू बधिर असेल तर नाडी किंवा बुटाची जीभ दाबते आहे. वरच्या बाजूबरोबर नडगीची बाहेरची कडही बधिर असेल, तर बुटाकडे बघूच नका, गुडघ्याकडे बघा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. गुडघ्याला चढवलेला घट्ट पट्टा तिला दाबतो. तासन् तास मांडी घालून बसल्यानेही ती दबते आणि उकिडवं बसून दिवसभर खुरपणी केल्यानेही. शनिवारी शेतात खुरपण आणि रविवारी सायकल, असा ज्यांचा आठवडा असतो, त्यांनी दोष सायकलला देण्याआधी शनिवार आठवून बघावा.

मुंग्या कुल्ल्यातून किंवा मांडीच्या मागून खाली उतरत असतील तर कारण सीट किंवा कंबर. आणि दोन्ही पाय मोजे घातल्यासारखे बधिर, तेही रात्री अंथरुणात पडल्यावर, असं असेल तर मधल्या पायऱ्या सोडून थेट शेवटून दुसऱ्या भागाकडे जा.

पायरी २: बूट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण नव्या माणसाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

पहिली चाचणी नाडीची. नवा सायकलस्वार नाडी पुढून मागून एकसारखी गच्च आवळतो, कारण बूट पायात घट्ट बसला म्हणजे जोर चांगला लागेल असं त्याला वाटतं. बूट काढल्यावर पायाच्या वरच्या बाजूला नाडीच्या फुल्या उमटलेल्या दिसल्या तर समजा सापडलं. नाडी पूर्ण काढा. बोटांकडची पहिली दोन भोकं रिकामी सोडा आणि तिसऱ्यापासून ओवा. घोट्याजवळ पकड असू द्या म्हणजे टाच वर सरकणार नाही, पण चवड्यावर बूट एवढा सैल हवा की आतल्या आत पाचही बोटं पसरता आली पाहिजेत. उरलेली टोकं नाडीखाली खोचून टाका. उजव्या बुटाची लोंबती नाडी चेनमध्ये गेली की बधिरपणा परवडला असं वाटतं. हा बदल करून तोच रस्ता एकदा मारून या. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

दुसरी चाचणी रुंदीची. बुटातला आतला तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढा आणि फरशीवर ठेवून त्यावर अनवाणी, पूर्ण वजन टाकून उभे राहा. हे संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. चवडा इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल, विशेषतः करंगळीच्या बाजूने, तर तो बूट तुमच्या मापाचा नाही, त्यावर छापलेला नंबर काहीही असो. आपल्याकडे हे फार दिसतं. अनवाणी आणि चपलेत वाढलेला पाय पुढून पसरट होतो आणि दुकानातले बरेच स्पोर्ट्स शूज पुढे निमुळते असतात. दुकानदार अशा वेळी एक नंबर मोठा देतो. त्याने लांबी वाढते, रुंदी जेमतेम, आणि टाच मागे डुगडुगायला लागते. त्यापेक्षा "पुढून रुंद" असंच मागा, दोन-चार कंपन्यांचे घालून बघा, आणि दुकानात संध्याकाळीच, सायकलवर घालता तेच मोजे घेऊन जा.

तिसरी चाचणी तळाची. बूट हातात घेऊन चवड्याच्या जागी खालून अंगठा जोरात दाबा. आत ठेवलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटांना तो अंगठा स्पष्ट लागला, तर पेडलची कडही तुमच्या पायाला तेवढीच लागणार. धावण्याच्या मऊ बुटांचं हेच होतं. ते जमिनीवर पाऊल आपटण्यासाठी केलेले असतात. सायकलवर तो फोम दबून जातो आणि दांडा थेट हाडाखाली येतो. तळ सपाट आणि कडक असलेला जुना बॅडमिंटनचा किंवा ट्रेकिंगचा बूट घरात असेल तर आधी तो वापरून बघा. नवीन काही घ्यायची गरज पडेलच असं नाही.

चपलेचं काय? दूध आणायला, शाळेत पोरांना सोडायला चप्पल चालते. वीस किलोमीटरच्या पुढे मात्र ती पायातून निसटू नये म्हणून बोटं नकळत आवळून धरतात आणि तळपायात गोळे येतात. मागे पट्टा असलेला, कडक तळाचा सँडल तिच्यापेक्षा कितीतरी बरा. बोटं मोकळी राहतात आणि हवा लागते.

मोजे पातळ हवेत. जाड सुती मोजा घामाने भिजतो, बोटांखाली सुरकुततो आणि आधीच तंग असलेल्या बुटातली उरलीसुरली जागा खातो.

पायरी ३: पेडलवर पाय कुठे पडतो

घरात भिंतीला टेकून सायकलवर बसा, पाय नेहमीसारखा पेडलवर ठेवा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. स्वतः वाकून बघितलं की पाय हलतो आणि खरी जागा दिसत नाही.

बरेच जण बोटांच्या मुळाशी, अगदी पुढे पेडल घेतात. मग पोटरी सतत ताणलेली आणि सगळा भार हाडांच्या टोकांवर. पाय सेंटिमीटरभर पुढे सरकवा, म्हणजे पेडलचा दांडा चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या किंचित मागे येईल. सुरुवातीला बेंगरूळ वाटतं आणि पाय सवयीने परत मागे येतो. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा मुद्दाम बघत राहा. साध्या पेडलचा मोठा फायदा हा की पाय कधीही इकडे तिकडे करता येतो, म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला पहिले काही महिने साध्या पेडलचाच असतो.

पेडल स्वतःही बघा. स्वस्त सायकलबरोबर येणारं प्लास्टिकचं पेडल अरुंद असतं, चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतो. जुन्या काळ्या सायकलची रुंद रबरी पायडलं या बाबतीत बरी होती. रुंद, सपाट पेडल बसवायचं तर १५ मिमीचा पाना लागतो. (काही पेडलांना मागून ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाची चावी, लागते.) डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाच्या दिशेने ओढला की दोन्हीकडची पेडलं सुटतात, एवढं लक्षात ठेवलं की गल्लीतल्या सायकल दुकानात आटा खराब करून घ्यावा लागत नाही.

ज्यांनी क्लीट आधीच घेतलेत त्यांनी ४ मिमी ॲलन कीने बोल्ट सैल करून क्लीट टाचेच्या दिशेने सरकवावेत, एका वेळी दोन-तीन मिमी. जुन्या जागेभोवती आधी पेनने खूण करा. पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. आपली काळी माती क्लीटच्या खाचेत एकदा बसली की सिमेंट होते. शेतरस्त्यावर पाय टेकवून परत पेडलमध्ये अडकवायला गेलात की क्लीट बसत नाही आणि माणूस नकळत पाय वाकडा करून दाबत राहतो. खिशात एखादी बोथट काडी किंवा जुना टूथब्रश ठेवावा.

पायरी ४: सीट

सीट फार उंच असली की पेडल खाली जाताना पाय पुरत नाही. मग माणूस टाच वर उचलून, बोटं खाली करून दाबतो आणि सगळा भार पुन्हा चवड्यावर. शिवाय कंबर डावी-उजवी डोलते आणि सीटची कड मांडीच्या मागच्या नसेला घासत राहते. मागून कुणाला व्हिडिओ काढायला सांगा. पॅंटची मागची शिवण डोलताना दिसली तर सीट उंच आहे.

उंचीचा सोपा हिशेब टाचेचा. भिंतीला टेकून बसा, पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हावा, पण कंबर एका बाजूला कलू नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवा, गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो. तो हवाच.

आकड्यांत हवं असेल तर अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, मांड्यांमध्ये वही घट्ट वर धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी असेल तर ७०.६ सेंमी येतात. क्रँक (पेडलं ज्यावर फिरतात ते दोन हात) जिथे फ्रेमला जोडलेले असतात त्या मधल्या बोल्टपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवायचं. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हा हिशेब ओळखला जातो. तो सुरुवातीपुरता. तिथून पुढे पाच-पाच मिमी वरखाली करत स्वतःची जागा शोधायची. सीटपोस्टला (सीटखालच्या सरकत्या नळीला) टेपची पट्टी लावून जुनी उंची राखून ठेवा, आणि पोस्टवर कोरलेली किमान रेघ बाहेर दिसेल एवढी सीट कधीच वर काढू नका.

सीटचं नाक वर उचललेलं असेल तर पायापेक्षा जांघेत बधिरपणा येतो. लाजेने लोक हे सांगत नाहीत, पुरुष तर नाहीतच. सपाट जागेवर सायकल उभी करून सीटवर एक फूटपट्टी किंवा वही ठेवा आणि ती सपाट आहे का बघा. सपाट किंवा अगदी किंचित खाली, यापलीकडे जाऊ नका. नाक जास्त खाली झालं की माणूस पुढे घसरतो आणि हाताचे पंजे बधिर होतात. सपाट करूनही जांघेतला बधिरपणा जात नसेल तर मात्र सीट बदलायचा खर्च करा, त्यात काटकसर नको.

पायरी ५: गिअर

इथे स्वभावाचा प्रश्न येतो. आपल्याकडे जड गिअरवर चालवणं म्हणजे दम असणं, असा एक समज आहे. सोलापूर–धुळे महामार्गावर, बालाघाटाच्या पठारावर समोरून वारा लागतो (त्या पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या) आणि तरीही पोरं पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चाकावरून चेन खाली आणत नाहीत. मिनिटाला पन्नास फेरे, प्रत्येक फेऱ्याला सगळं वजन. पाय बधिर पडणारच.

फेरे मोजायला मीटर नको. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा, चाराने गुणा. साठच्या आत असाल तर एक गिअर हलका करा. सपाटीवर ७५ ते ९० च्या दरम्यान जमलं तर उत्तम. सुरुवातीला पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात आणि सीटवर उसळल्यासारखं होतं. पंधरवड्यात अंगवळणी पडतं. दौलताबादच्या घाटात किंवा मांजरसुंब्याला ७५ निघणार नाहीत, ते ठीकच. तिथे सर्वांत हलका गिअर लावा आणि अधूनमधून थोडा वेळ उभं राहून चालवा म्हणजे सीटचा भार निघतो. उभं राहताना टाच थोडी खाली सोडा.

गिअर नसलेली सायकल असेल तर उपाय एकच, चढावर उतरून चालत जा. यात कमीपणा नाही आणि पायाला तेवढीच विश्रांती.

टायर दगडासारखे फुगवलेले असतील तर सिमेंटच्या रस्त्याचे सगळे सांधे पायात येतात. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरायची गरज नसते. थोडी कमी करून बघा, फक्त छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. चाक रिमवर बसलं की ट्यूब गेली.

रस्त्यातच पाय झोपला तर

पहिल्या मुंगीलाच ऐका, बधिर होईपर्यंत ओढू नका. गिअर हलका करा. पाय वर येत असताना जाणीवपूर्वक दाब सोडा, बुटात बोटं पसरा आणि आवळा. उतारावर पेडल थांबवून एकेक पाय बाजूला काढून घोट्यात फिरवा, मागे वाहन नाही हे बघूनच. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतील त्या दिवसांत हा प्रयोग नकोच, सरळ थांबा. टपरीवर बूट काढून बसा, चहा संपेपर्यंत तरी. परत घालताना नाडी आधीपेक्षा एक बोट सैल. बधिर पायाने घाईत सायकलवर चढू नका. पाय पेडलवर नीट पडलाय की नाही हे कळत नसतं आणि पडणं तिथेच होतं.

मे आणि डिसेंबर

मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सहाला बरोबर बसणारा बूट नऊला तंग झालेला असतो. उष्णतेने पाय फुगतो. म्हणून उन्हाळ्यात निघतानाच नाडी सैल ठेवा आणि तासाभराने एकदा तपासा. बुटावर पाणी ओतून गार करायचा मोह होतो. ओला मोजा घासून फोड आणतो, त्यापेक्षा बूट काढून पाय सावलीत ठेवा.

थंडीतला बधिरपणा वेगळा. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी हिवाळ्यात येतेच, आणि अशा पहाटे बोटं गारठून बधिर होतात. लोक मोज्यावर मोजा चढवतात, बूट आणखी आवळतो आणि बोटं अजूनच गार पडतात. एकच पातळ लोकरी मोजा घाला आणि बुटाच्या पुढच्या जाळीवर आतून-बाहेरून वारा अडेल असा प्लास्टिकचा तुकडा चिकटवा. नाहीतर सूर्य वर येईपर्यंत थांबा, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

सायकलचा दोष नसतो तेव्हा

वरचं सगळं करूनही तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, किंवा सायकल नसतानाही पाय बधिर असेल, तर डॉक्टरांकडे जा. सायकलवर फक्त ते आधी लक्षात आलेलं असतं.

मधुमेहात दोन्ही पायांच्या बोटांपासून बधिरपणा सुरू होऊन हळूहळू वर सरकतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, ही त्याची ओळखीची खूण. साखर तपासा. मधुमेह असेल तर डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवून संवेदना बघतात, दुखत नाही. अशा माणसाने सायकलवरून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचकी रोज डोळ्यांनी बघायच्या, आणि बूट घालण्याआधी हात घालून झटकायचे. बाभळीचा काटा तळातून आत आलेला असतो आणि पायाला पत्ता नसतो.

बी-१२ ची कमतरता शाकाहारी माणसांत आढळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही. रक्ततपासणीत कळतं. आधी रक्त द्या आणि मग इंजेक्शन. आधीच घेतलं तर तपासणीत पातळी चांगली दिसते आणि खरं कारण झाकलं जातं.

कंबरेतून एका पायात कळ उतरत असेल, खोकल्या-शिंकल्यावर वाढत असेल, तर मणक्याजवळ नस दबलेली असू शकते. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाची शक्यता तपासावी लागते, तो पूर्ण बरा होतो आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. लपवण्यात फक्त नस गमावली जाते.

आणि यांसाठी वाट बघायची नाही: पंजा वर उचलता येत नाही. जांघेसकट मागचा भाग बधिर आहे आणि लघवी-शौचावर ताबा राहत नाही. अचानक एका बाजूचा हात-पाय बधिर, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं. त्याच वेळी दवाखाना गाठा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आता खर्च करायचा तर

सर्वांत आधी मेटाटार्सल पॅड. औषधाच्या किंवा ऑर्थोपेडिक साहित्याच्या दुकानात मिळतो, छोटा, थेंबाच्या आकाराचा. चवड्याच्या हाडांच्या थोडं मागे, तळपायाच्या कमानीच्या बाजूला लावला की हाडं जराशी पसरतात आणि मधल्या नसेला जागा मिळते. थेट दुखऱ्या जागेखाली लावला तर दाब वाढतो, आणि बहुतेक जण नेमका तिथेच चिकटवतात. त्यानंतर रुंद पेडल, मग कडक तळाचे रुंद बूट. क्लीटचा विचार सगळ्यात शेवटी. क्लीटमध्ये पाय एकाच जागी खिळतो, त्यामुळे चुकीची जागा असेल तर बधिरपणा वाढतोच. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (शर्यत नसलेल्या, लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला), जिथे साडेतेरा तासांत अंतर पूर्ण करायचं असतं, साध्या पेडलवर जाऊन आलेली माणसं आहेत.

बाइक फिटिंगची सोय पुण्या-मुंबईत आहे. मोजमाप घेऊन सीट, हँडल, क्लीट सगळं बसवून देतात. सायकल महागडी असेल आणि अंतरं वाढत असतील तर एकदा करून घ्यायला हरकत नाही. नेहमीची सायकल, नेहमीचे बूट आणि तुमची जागांची नोंद सोबत न्या. पैसे देण्याआधी एवढं विचारून घ्या की महिनाभर चालवून पुन्हा दाखवायला आलो, तर त्याचे वेगळे पैसे पडतील का.